शरीरातील चल सांधे : त्यांचे प्रकार व त्यांच्या हालचाली

बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. इतिहासाच्या वाचकांना ते तेथील दगडी किल्ल्यामुळे ठाऊक असते. १७४९ च्या वेढ्यात हैदर अलीने प्रथम नाव कमावले ते याच ठिकाणी, आणि टिपू सुलतानाचा जन्मही येथलाच. २००८ पासून बंगळूरचा विमानतळ या गावालगत आहे. परंतु बागाइतदारांना देवनहळ्ळी परिचित आहे ती तेथील फळासाठी. कानडीत ज्याला चक्कोत म्हणतात, ते हे आपले पपनस होय. देवनहळ्ळीच्या पपनसाला भौगोलिक संकेताची मान्यता मिळालेली आहे. जाड सालीचे हे फळ किलो-दीड किलो वजनाचे सहज भरते.

अशा एखाद्या झाडाखाली एक तरुण उभा आहे, अशी कल्पना करू. तो मान वर करून फांदीकडे पाहतो. कोणते फळ पिकले आहे हे न्याहाळण्यासाठी डोके डावीउजवीकडे वळवतो. मग टाचा उचलून तो हात उंचावतो, फळ पंजात धरतो, मनगटाला हिसका न देता हाताला हळूच पीळ देतो आणि फळ देठापासून सोडवतो. शेवटी तो उकिडवा बसून ते फळ टोपलीत ठेवतो. या सर्व क्रियेला पंधरा-वीस सेकंदांहून अधिक वेळ लागत नाही, आणि तरुणाला तीत विशेष काही केल्यासारखेही वाटत नाही. तथापि तेवढ्या वेळात त्याच्या शरीरातील चल सांध्यांचे सहाही प्रकार कामी आलेले असतात. हे सहा प्रकार कोणते, त्यांच्या हालचाली कशा होतात, आणि त्या हालचालींसाठी शरीराला कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

सांधा म्हणजे काय?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे २०६ हाडे असतात. दोन किंवा अधिक हाडे जेथे एकत्र येतात त्या जागेला सांधा असे म्हणतात. जिभेच्या मुळाशी असलेले कंठिकास्थी हे एकच हाड असे आहे, की जे दुसऱ्या कोणत्याही हाडाशी सांधलेले नाही. ते स्नायू आणि बंध यांच्या आधाराने टांगलेले असते. बाकीची सर्व हाडे परस्परांशी जोडलेली आहेत.

सगळेच सांधे हलणारे नसतात. कवटीची हाडे करवतीच्या दात्यांप्रमाणे एकमेकांत गुंतलेली असतात. त्यांनी हलू नये, हेच त्यांचे काम, कारण त्यांच्या आत मेंदू आहे. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांचे सांधे थोडेसेच हलतात. हातपाय, जबडा, मान इत्यादी ठिकाणचे सांधे मात्र मोकळेपणाने हलतात. या तिसऱ्या वर्गाला चल सांधे म्हणतात. त्यांच्या पोकळीत एक विशिष्ट द्रव असतो, म्हणून शास्त्रीय परिभाषेत त्यांना सायनोव्हियल सांधे हे नाव आहे.

हलणारे व न हलणारे सांधे हा भेद आपल्याकडेही फार पूर्वी ओळखला गेला होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चेष्टावंत व स्थिर असे सांध्यांचे दोन वर्ग सांगितले असून एकूण सांधे २१० मोजले आहेत. त्यांच्या आकारांवरून आठ प्रकारही तेथे दिले आहेत, आणि त्यांची नावे घरातल्या व व्यवहारातल्या वस्तूंवरून घेतली आहेत. काख व जांघ येथील सांध्यांना सुश्रुताने 'उलूखल', म्हणजे उखळ, असे म्हटले आहे. आजची मोजणी आणि वर्गवारी निराळी आहे. परंतु सांध्याचा आकार पाहावा आणि त्यावरून त्याची ओळख पटवावी, ही पद्धत आजही तीच आहे. मराठी शाळांतून शिकवला जाणारा 'उखळीचा सांधा' हा शब्द त्या जुन्या कल्पनेशी नाते सांगतो.

चल सांध्याची रचना

कोणत्याही चल सांध्याची रचना ढोबळ मानाने सारखीच असते. हाडांची जी टोके परस्परांसमोर येतात, त्यांवर गुळगुळीत, निळसर पांढऱ्या कूर्चेचा थर असतो. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही हा थर काही मिलिमीटरच जाड असतो. दोन्ही हाडांची टोके एका चिवट पिशवीत बंदिस्त असतात. तिला संधिकोश म्हणतात. या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असते, ती संधिकला. तिच्यातून जो चिकट, पारदर्शक द्रव स्रवतो तो संधिद्रव होय. तो दिसावयास अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा असतो. संधिकोशाच्या बाहेरून, आणि काही सांध्यांत आतूनही, अस्थिबंध नावाचे बळकट पट्टे एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत गेलेले असतात. हाडे जागेवरून सरकू न देणे आणि हालचाल मर्यादेबाहेर जाऊ न देणे, हे त्यांचे काम.

संधिद्रवाचे प्रमाण ऐकून वाचकास आश्चर्य वाटेल. निरोगी गुडघ्यात तो चहाच्या एका चमच्याहूनही कमी असतो. तरीही त्याच्या व कूर्चेच्या संयोगाने सांध्यातील घर्षण इतके कमी होते, की बर्फावर बर्फ घासला असताही ते तेवढे कमी नसते. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालावे लागते आणि ते सुकले की पुन्हा घालावे लागते. शरीरातील वंगण मात्र सांधा स्वतःच तयार करतो, आणि आयुष्यभर करतो.

हालचालींची नावे

सांध्यांच्या प्रकारांकडे वळण्यापूर्वी हालचालींची नावे समजून घेतली पाहिजेत. सांधा दुमडून दोन हाडांमधील कोन कमी होतो, तेव्हा त्या क्रियेला आकुंचन म्हणतात. सांधा सरळ होतो, ते प्रसरण. हात किंवा पाय शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे म्हणजे अपवर्तन, आणि जवळ आणणे म्हणजे अभिवर्तन. हाड स्वतःच्याच आसाभोवती फिरते, त्यास परिभ्रमण असे नाव आहे. हात खांद्यापासून गोल फिरवला असता बोटांची टोके हवेत वर्तुळ काढतात. या संमिश्र हालचालीला पर्यावर्तन म्हणतात. तळहात वर करणे, म्हणजे हात उताणा करणे, हे उत्तानन. आणि तो पालथा करणे हे अवतानन.

एक गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. सांध्याला कोणती हालचाल करता येईल, हे मुख्यतः हाडांच्या टोकांच्या आकारावर अवलंबून असते. स्नायू हाड ओढतात, पण ते कोणत्या दिशेने हलेल हे सांध्याचा आकार ठरवतो. दार ढकलणारा कितीही बळकट असला, तरी दार बिजागरीभोवतीच फिरते.

मान : लंबवर्तुळी सांधा व खुंटीचा सांधा

झाडाखालचा तरुण मान वर करतो तेव्हा त्याची कवटी पहिल्या मणक्यावर मागे झुकते. कवटीच्या बुडाशी दोन लांबट उंचवटे असतात आणि पहिल्या मणक्यावर त्यांच्यासाठी तशाच दोन उथळ खोबणी असतात. अंडाकार उंचवटा आणि अंडाकार खोबण अशी ही रचना असल्यामुळे अशा सांध्याला लंबवर्तुळी सांधा म्हणतात. यात दोन दिशांनी हालचाल होते, पुढेमागे आणि काहीशी बाजूंना. परंतु परिभ्रमण होत नाही. अंडाकार वस्तू अंडाकार खोबणीत गरकन फिरवता येत नाही, याचा अनुभव कोणासही घेता येईल. आपण 'हो' म्हणून मान हलवतो ती मुख्यतः या सांध्यात.

'नाही' म्हणण्यासाठी मात्र त्याच्या खालच्या सांध्याची गरज लागते. दुसऱ्या मणक्याच्या पुढील भागातून दातासारखा एक सुळका वर आलेला असतो, आणि पहिला मणका कड्याप्रमाणे त्याच्याभोवती फिरतो. जात्याच्या खालच्या तळीत खुंटा रोवलेला असतो आणि वरची तळी त्याभोवती फिरते. मानेतील व्यवस्था नेमकी तीच आहे. यास्तव याला खुंटीचा सांधा असे नाव आहे. मान डावीउजवीकडे जेवढी वळते, त्यांतील जवळजवळ अर्धे वळण या एका सांध्यात घडते. सुळका मागे सरकू नये म्हणून त्याच्या पाठीमागून एक बळकट अस्थिबंध आडवा गेलेला असतो. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू आहे. तो अस्थिबंध तुटल्यास सुळका मज्जारज्जूवर दाबला जाऊन प्राणावर बेतते. अपघातात सापडलेल्या माणसाची मान जाणकाराच्या मदतीवाचून हलवू नये, असे सांगतात, त्यामागे मानेच्या मणक्यांना इजा झाली असण्याचा हाच धोका असतो.

दक्षिण भारतात संमती दाखवताना मान एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे डोलवण्याची रीत आहे. ही हालचाल एका सांध्याची नव्हे. मानेच्या मणक्यांच्या मागील बाजूस लहान, सपाट पृष्ठांचे सांधे असतात. ते प्रत्येकी थोडे थोडे सरकतात आणि त्यांची बेरीज होऊन मान डोलते. या सपाट सांध्यांना सरकते सांधे म्हणतात. त्यांची माहिती मनगटाच्या संदर्भात पुढे येईल.

खांदा : उखळीचा सांधा

हात उंचावताना काम करतो तो खांद्याचा सांधा. दंडाच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते खांद्याच्या फऱ्यावरील खोलगट जागेत बसते. गोल टोक आणि खोलगट जागा यांमुळे हालचालीला सर्व दिशा मोकळ्या होतात. आकुंचन, प्रसरण, अपवर्तन, अभिवर्तन, परिभ्रमण, पर्यावर्तन या सर्व हालचाली येथे होऊ शकतात. शरीरातील सर्वांत मोकळा सांधा हाच होय.

परंतु या मोकळिकीचे मूल्य द्यावे लागते. खांद्याला उखळीचा सांधा म्हटले, तरी येथील उखळ फार उथळ आहे. उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसे हाडाचे गोल टोक तीवर टेकलेले असते. एका वेळी त्या गोलाचा लहानसा भागच खोबणीच्या संपर्कात येतो. म्हणून खांदा जागेवर राहतो तो हाडांच्या बळावर नव्हे, तर त्याला चोहोबाजूंनी वेढणाऱ्या स्नायूंच्या व कंडरांच्या बळावर. मोठ्या सांध्यांपैकी निखळण्याचे प्रमाण खांद्याचेच सर्वाधिक असते, त्याचे कारण हे आहे.

याच प्रकारचा दुसरा सांधा म्हणजे खुबा. येथे मात्र उखळ खरोखरीच खोल आहे. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातील वाटीत खोलवर बसतो. शिवाय वाटीच्या कडेला कूर्चेचे एक कडे असून ते त्याला घट्ट धरून ठेवते. खुब्याच्या पुढील बाजूचा अस्थिबंध हा शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंध मानला जातो. परिणामी खुबा खांद्याइतका फिरत नाही, पण सहसा निखळतही नाही. दोन्ही सांधे एकाच जातीचे, परंतु एकाला हात चालवायचा आहे आणि दुसऱ्याला शरीराचा भार वाहायचा आहे. सांध्याची मोकळीक जेवढी वाढते, तेवढी त्याची स्थिरता कमी होते, हा नियम या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतो. पुढील प्रत्येक सांध्यात वाचकास हाच नियम आढळेल.

कोपर आणि हात : बिजागरीचा सांधा व पुन्हा खुंटी

कोपर हा बिजागरीच्या सांध्याचा नमुना होय. दंडाच्या हाडाचे खालचे टोक दोऱ्याच्या रिळासारखे असते. हातातील आतल्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक आकड्यासारखे असून ते त्या रिळाला मिठी मारते. त्यामुळे कोपर एकाच पातळीत दुमडते व सरळ होते. ते बाजूला वळत नाही. हात पुरता सरळ झाला, की त्या आकड्याचे टोक दंडाच्या हाडातील एका खळगीत अडकते आणि हालचाल थांबते. दाराला मागे अडणी लावावी तसा हा प्रकार. घोटा व बोटांची पेरे हीदेखील बिजागरीचीच उदाहरणे होत.

मग फळाला पीळ कोठून मिळतो? कोपर दुमडून अंगाशी घट्ट धरले, तरी तळहात उताणा-पालथा करता येतो. याचे कारण असे, की हातात दोन हाडे आहेत आणि त्यांतील अंगठ्याच्या बाजूचे हाड दुसऱ्याभोवती फिरते. त्याच्या वरच्या टोकाला वाटोळी चकती असून ती अस्थिबंधाच्या कड्यात गोल फिरते. हा खुंटीचा सांधा होय. हात पालथा होतो तेव्हा ही दोन हाडे कात्रीच्या पात्यांप्रमाणे परस्परांवर आडवी येतात. किल्ली फिरवणे, ओला कपडा पिळणे, पपनसाला पीळ देणे, ही सर्व या एका योजनेची फळे आहेत.

लहान मुलांत हे कडे पुरेसे आवळलेले नसते. पाच वर्षांखालील मुलाला एका हाताला धरून अचानक वर ओढले, तर हाडाची चकती कड्यातून अंशतः निसटते. मूल रडू लागते आणि हात हलवेनासे होते. म्हणून लहान मुलाला हाताला धरून उचलू किंवा झुलवू नये. काखेत हात घालून उचलावे.

मनगट आणि अंगठा : लंबवर्तुळी, सरकता व खोगीर सांधा

हाताचे हाड आणि मनगटातील हाडांची पहिली रांग यांमधील सांधा लंबवर्तुळी आहे. त्यामुळे मनगट पुढेमागे व दोन्ही बाजूंना वाकते. या दोन हालचाली क्रमाने जोडून ते गोलही फिरवता येते. मनगटात एकूण आठ लहान हाडे आहेत. त्यांची परस्परांना भिडणारी पृष्ठे बहुतांशी सपाट असून ती एकमेकांवर किंचित सरकतात. हे सरकते सांधे होत. प्रत्येकाची हालचाल अगदी थोडी असते, परंतु त्यामुळे पंजा फळाच्या गोलाईशी जुळवून घेतो आणि बसलेला धक्का अनेक हाडांत वाटला जातो. पावलाच्या मधल्या भागातील हाडांतही अशाच सरकत्या सांध्यांचे साहाय्य होते.

आता अंगठा. त्याच्या मुळाशी मनगटाच्या एका हाडावर त्याचे पहिले हाड बसते. दोन्हींचे आकार घोड्याच्या खोगिरासारखे आहेत. एका खोगिरावर दुसरे खोगीर उलटे व आडवे ठेवले, तर ते पुढेमागे आणि डावीउजवीकडे असे दोन्ही दिशांनी सरकेल, पण सहज घसरून पडणार नाही. या खोगीर सांध्यामुळे अंगठा तळहातावरून आडवा येऊन प्रत्येक बोटाच्या टोकाला भिडू शकतो. माणसाच्या कारागिरीचा पाया येथे आहे. सुई ओवणे, लेखणी धरणे, भाकरी थापण्यापूर्वी पिठाचा गोळा वळणे, यांपैकी काहीही अंगठ्याच्या सांध्यावाचून नीट होणार नाही. मात्र इतक्या वापरामुळे उतारवयात झीज होणाऱ्या सांध्यांत याचा क्रमांक बराच वर असतो. विशेषतः स्त्रियांत ही तक्रार अधिक आढळते.

गुडघा : बिजागरीहून काही अधिक

तरुण उकिडवा बसतो तेव्हा घोटा, गुडघा व खुबा हे तिन्ही सांधे एकाच वेळी खोलवर दुमडतात. यांपैकी गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा आणि सर्वांत गुंतागुंतीचा सांधा होय. पाठ्यपुस्तकांत त्याची गणना बिजागरीत होते, पण ती पुरती खरी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. ती दुमडताना नुसती फिरत नाहीत, तर गडगडतात आणि घसरतातही. सपाट माथ्यावर त्यांना आधार मिळावा म्हणून कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती गाद्या मध्ये घातलेल्या आहेत. आतील बाजूस फुलीच्या आकारात दोन अस्थिबंध असून ते नडगीला पुढेमागे निसटू देत नाहीत.

शिवाय दुमडलेला गुडघा थोडा परिभ्रमणही करतो. खुर्चीवर बसून मांडी स्थिर ठेवावी आणि पावलाचा चवडा आतबाहेर वळवावा, म्हणजे नडगी फिरते असे दिसेल. पाय सरळ केला की गुडघ्यातले हे फिरणे बंद होते. अखेरच्या प्रसरणात हाडे एकमेकांवर किंचित पिळली जाऊन सांध्याला जणू कडी लागते. त्यामुळेच आपण फारशी स्नायुशक्ती न खर्चता बराच वेळ ताठ उभे राहू शकतो. कबड्डीत किंवा खो-खोत पाऊल जमिनीवर रोवलेले असताना धड एकदम वळले, की हा पीळ अस्थिबंधांना असह्य होतो. खेळाडूंच्या गुडघ्याच्या गंभीर दुखापती पुष्कळदा अशाच होतात.

गुडघ्यावर पडणारा भारही मोठा आहे. जिने उतरताना शरीराच्या वजनाच्या तिप्पटीहून अधिक दाब त्याच्यावर येतो. साठ किलो वजनाचा माणूस किल्ल्याच्या पायऱ्या उतरतो, तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्या गुडघ्यात सुमारे एकशे ऐंशी किलोंचा भार तोलला जातो. वजन पाच किलोंनी कमी केले, तर तेथील भार पंधरा किलोंनी हलका होतो, हे यावरून सहज उमगेल.

सांध्याचे पोषण आणि झीज

प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कोठून मिळते? ते संधिद्रवातून मिळते. कूर्चा पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी आहे. भार पडला की तिच्यातील द्रव बाहेर पिळला जातो आणि भार दूर झाला की ताजा द्रव आत शिरतो. चालणे, बसणे, उठणे या हालचालींनी हा पंप चालू राहतो. यावरून असा निष्कर्ष निघतो, की हालचाल ही सांध्याची झीज तर करतेच, परंतु त्याचे पोषणही तीच करते. दीर्घकाळ प्लास्टरमध्ये जखडून ठेवलेला सांधा ताठरतो व त्याची कूर्चा क्षीण होते. विश्रांतीने सांधा टिकतो हा समज मर्यादित अर्थानेच खरा आहे.

रक्तपुरवठा नसण्याची दुसरी बाजू अशी, की कूर्चेची जखम नीट भरून येत नाही. लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच हे नमूद केले होते. वय, वजन, जुनी दुखापत आणि आनुवंशिकता यांच्या योगाने कूर्चा विरत जाते, हाडांच्या कडांना काटे फुटतात आणि सांधा दुखू लागतो. हा झिजेचा संधिवात. रुमॅटॉइड संधिवात याहून निराळा आहे. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून संधिकलेवरच हल्ला करते. हा विकार तरुणांनाही होतो, आणि त्यावर लवकर उपचार होणे आवश्यक असते.

बोटे मोडल्याने सांधे झिजतात, अशीही एक समजूत आहे. बोट ताणले असता सांध्यातील दाब एकाएकी उतरतो आणि संधिद्रवात वायूची पोकळी निर्माण होते. आवाज त्या वेळी होतो, असे २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने दाखवले. डोनाल्ड उंगर या अमेरिकन डॉक्टराने तर साठ वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. अखेरीस दोन्ही हातांच्या सांध्यांत फरक आढळला नाही. एका माणसावरून सिद्धान्त बांधता येत नाही हे खरे, परंतु प्रयोगबुद्धी म्हणून ही चिकाटी लक्षात राहण्याजोगी आहे.

सांध्याची जात ओळखण्याचे महत्त्व

सांध्यांचे प्रकार पाठ करणे हा केवळ परीक्षेचा भाग नव्हे. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा आणि प्लास्टिकची वाटी यांचा कृत्रिम खुबा बसवण्यास आरंभ केला आणि तो यशस्वी झाला. खुब्याची नक्कल तुलनेने सोपी होती, कारण तो खरोखरीच उखळ आहे. गुडघ्याच्या बाबतीत प्रारंभीचे काही कृत्रिम सांधे निव्वळ बिजागरीचे बनवले गेले. नैसर्गिक गुडघ्यात जो पीळ व जी घसरण असते तिला त्यांत वाव नव्हता. तो ताण हाडात रोवलेल्या भागावर पडे आणि सांधा सैल होई. गुडघा ही बिजागरीच आहे असे मानण्याची चूक रुग्णांना अशी भोवली. पुढे हाडांच्या टोकांचे आकार अनुसरून कृत्रिम गुडघे घडवण्यात आले, तेव्हा ते टिकू लागले.

आपल्या देशातील उदाहरण याहूनही बोलके आहे. परदेशी बनावटीच्या कृत्रिम पावलात घोटा ताठ असे. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्याला ते पुरे. परंतु शेताच्या चिखलात अनवाणी चालणाऱ्याला, उकिडवे बसून काम करणाऱ्याला आणि मांडी घालून पंगतीत जेवणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा होता. जयपूर येथील कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड यांचे असे पाऊल तयार केले, की जे वर वाकते, बाजूंना कलते आणि थोडे फिरतेही. खऱ्या पावलात घोट्याची बिजागरी वरखाली हलते आणि तिच्या खालचा सांधा पावलाला आतबाहेर कलू देतो. त्या दोहोंचे काम या पावलाने पुष्कळ अंशी साधले. डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पाय गमावलेला शेतकरी पुन्हा बांधावर उतरला आणि पुन्हा पंगतीत बसला, तो सांध्यांच्या हालचालींचा असा बारकाईने विचार झाला म्हणून.

देवनहळ्ळीच्या बागेतील तरुणाने फळ टोपलीत ठेवले आहे. तो उठून पुढच्या झाडाकडे निघाला आहे. उखळ, बिजागरी, खुंटी, खोगीर, लंबवर्तुळ आणि सरकते सपाट पृष्ठ या सहा आकारांनी त्याची प्रत्येक हालचाल घडवली आहे. जेथे मोकळीक हवी तेथे शरीराने स्थिरता थोडी सोडली, आणि जेथे भार वाहायचा तेथे मोकळीक आवरली. हा समतोल त्याच्या हातून राखला जावा एवढेच आता उरते. रोज चालावे, सांधे पूर्ण हालचालीने वापरावेत, वजन आटोक्यात ठेवावे आणि दुखापतीकडे दुर्लक्ष करू नये.

स्वतः करून पाहा

१. कोपर अंगाशी घट्ट धरून तळहात उताणा व पालथा करा. दुसऱ्या हाताची बोटे त्या हातावर ठेवून कोणते हाड फिरते ते शोधा.

२. अंगठा तळहाताला चिकटवून ठेवा आणि केवळ चार बोटांनी सदऱ्याची गुंडी लावण्याचा प्रयत्न करा. किती वेळ लागतो ते मोजा.

३. एक जुने खेळणे किंवा दार, पेटी, कात्री, नळ यांसारख्या घरातील पाच हलत्या वस्तू पाहा. प्रत्येकीतील जोड शरीरातील कोणत्या सांध्यासारखा आहे ते लिहा.

उजळणीसाठी प्रश्न

१. 'हो' आणि 'नाही' या खुणांसाठी मानेतील कोणते सांधे काम करतात? त्यांचे प्रकार सांगा.

२. खांदा व खुबा एकाच जातीचे असूनही खांदा अधिक वेळा का निखळतो?

३. गुडघ्याला निव्वळ बिजागरी का म्हणता येत नाही? कोणतीही दोन कारणे द्या.

४. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. मग तिचे पोषण कसे होते? या उत्तरावरून व्यायामाचे महत्त्व स्पष्ट करा.